न सुजलेलं कोपर

नुसतं सुजलं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. सुजलेला हात चारचौघांत दाखवता येतो. काळानिळा पडलेला, गळ्यात अडकवलेला हात बघितला की आमच्या आळीतल्या बायका न सांगता हातातली बादली काढून घेतात. माझा उजवा हात मात्र बाहेरून धडधाकट होता. कातडी होती तशी, बांगड्या होत्या तशा, आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कोणी दाभण खुपसावं तशी कळ. ती कळ माझी मला ठाऊक. दुसऱ्या कुणाला ती दाखवायची कशी, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आमचं गाव काष्टीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. आमचे हे दुधाचा टेम्पो चालवतात आणि मी घरी ब्लाउज शिवते. लग्नसराई आली की माझ्याकडे कापडांचा ढीग लागतो. हल्ली साधा ब्लाउज कुणाला नको असतो. आत अस्तर, वर खडे-मणी लावलेलं जाड कापड, पाठीला पॅड. एकेक कापड वेगळं कापत बसायचा मला कंटाळा, म्हणून मी थरावर थर ठेवून एकदमच कात्री चालवते. कात्री माझ्या आईची, लोखंडी, जड. ती एका झटक्यात सगळे थर कापायची आणि मला त्याचा फार गर्व होता. हातात ताकद आहे, असं मी चारचौघींत बोलूनही दाखवायची. बोलणारीची जीभ आणि कापणारीचा हात, दोन्हीला एक दिवस लगाम लागतोच.

माघात दुखायला सुरुवात झाली. आधी रात्री पांघरूण ओढताना, मग चादर पिळताना, मग डब्याचं झाकण उघडताना. एकदा ब्लाउजाचं माप द्यायला दोघीजणी आल्या होत्या. चहाचं पातेलं पकडीनं उचललं आणि कपात ओततानाच हातातला जोर कुणी काढून घेतल्यासारखा गेला. पातेलं ओट्यावर, चहा खाली, आणि एकीच्या नव्या कापडावर शिंतोडे. मी म्हणाले, "पकड सैल झालीय मेली, किती दिवस सांगतेय ह्यांना." आमचे हे भोळे. त्यांनी बाजारातून नवी पकड आणून दिली. पुढच्या आठवड्यात नवीसुद्धा सैल निघाली. ह्यांनी पकड हातात धरून दोनदा उघडमीट करून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि ती खुंटीला अडकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगून टाकायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. पण आमच्याकडे एक शब्द आहे, अंगचोर. बाईला शिव्या पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मी ऐकून घेतल्या आहेत, उलटून दिल्याही आहेत. पण अंगचोर म्हणजे काम समोर असताना अंग चोरणारी. हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. अमक्या घरची सून अंगचोर, हे तिला नातवंडं झाली तरी लोक विसरत नाहीत. आणि अंगचोर बाई काय सांगते? हेच सांगते, की आज माझा हात दुखतोय, आज माझी कंबर धरलीय. दिसत काही नसतं. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर नेमकं तिच्यासारखंच बोलले असते.

त्यातून यंदा सावड माझ्या अंगावर होती.

आमच्या आळीत पाच-सहा घरं मिळून उन्हाळ्याची कामं सावडीनं करतात. आज माझ्या घरी सगळ्या येणार, उद्या मी तिच्या घरी जाणार. कुरडया, पापड, शेवया, सांडगे. पैसा मध्ये येत नाही, हात द्यायचा आणि हात घ्यायचा. आळीतल्या भाभींच्या घरच्या ईदच्या शेवयासुद्धा ह्याच सावडीत होतात आणि आमच्या कुरडयांना भाभी असतात. सावडीला कुणी हिशेब ठेवत नाही, पण ठेवत नाही म्हणून कुणी विसरतही नाही. यंदा शिलाईची गर्दी व्हायच्या आत माझं उरकून घ्यावं म्हणून मी सगळ्यांत आधी पाळी लावून घेतली. सगळ्या आल्या. पहाटेपासून राबल्या. मी घरची यजमानीण, त्यामुळे मी चहा केला, पाणी दिलं, गच्चीवर चादरी अंथरल्या, आणि जड काम त्यांनी केलं. कुरडया वाळून डब्यात भरल्या, डबे माळ्यावर गेले. सगळ्यांचे हात माझ्या घराला लागून झाले होते आणि माझा हात कुणाच्याच घराला लागायचा होता.

पुढची मोठी पाळी समोरच्या आक्काची. आक्का माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, आळीतली कामाला वाघीण. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. रुखवतात मांडायला रंगीत कुरडया, सासरी पाठवायला पांढऱ्या, वऱ्हाडाच्या पंगतीला वेगळ्या. गव्हाचं पोतंच काढलं होतं तिनं. ह्या पाळीला मी हात आखडला असता तर आळीनं मला वाळीत टाकलं नसतं, हसून बोलवलंच असतं, पण मनातल्या मनात त्या शब्दाची टिकली माझ्या कपाळाला लागली असती. मला दुसरी कसली भीती नव्हती. एवढीच होती.

म्हणून मी आधी गुपचूप उपाय केले. हळद-चुन्याचा लेप झाला. मिठाच्या पुरचुंडीनं शेकून झालं. शेवटी आक्काच्या सासूबाईंना, आम्ही सगळ्या त्यांना आत्याबाई म्हणतो, मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कुणाचं कोपर दुखत असेल तर काय करावं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कुनाचं म्हंजी तुझंच की. बिब्बा घाल. लई जुना वात असंल तरी हालतोय."

बिब्बा घातला. दिव्यावर तापवून, सुईनं टोचून, तेल निघेल तसं हाडावर लावलं. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. कोपर लालभडक, त्यावर टचटचीत फोड, हाताला आग. आणि खरं सांगते, त्या आगीतही मला बरं वाटलं. आता काहीतरी दिसत होतं! मी मुद्दाम आखूड बाहीचा ब्लाउज घालून नळावर गेले. बायका म्हणाल्या, "अगं बाई, बिब्बा उतला व्हय? लई वंगाळ." घागर कुणीतरी उचलून दिली. दोन-तीन दिवस मी सुखात होते. मग फोड वाळले, खपली पडली, आणि सगळ्यांच्या लेखी माझा हात बरा झाला. आत दाभण होतं तिथंच होतं. आपलं दुखणं खरं असून आपण फोड दाखवत फिरलो, ह्याची लाज मला रात्री वाटायची. दिवसा वाटून घ्यायला सवड नव्हती.

ह्यांनीच शेवटी टेम्पोत बसवलं आणि श्रीगोंद्याला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी आधी बिब्ब्याचा डाग बघितला आणि एक उसासा टाकला. मग कोपराच्या बाहेरच्या टोकदार हाडावर अंगठा दाबला. मी खुर्चीतून उठले. मग म्हणाल्या, मूठ आवळा, मनगट वर उचला, मी खाली दाबते, तुम्ही दाबू देऊ नका. मला तेवढंही जमलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून थोडं, आणि ह्यांच्यासमोर एका पोरगेल्या बाईनं माझा हात दोन बोटांनी खाली केला म्हणून जास्त.

"टेनिस एल्बो आहे," त्या म्हणाल्या.

आमचे हे म्हणाले, "टेनिस म्हंजी त्यो जाळीवरनं चेंडू मारायचा खेळ ना? ही कवा खेळली?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी माझाच हात टेबलावर ठेवून समजावलं. दुखतं कोपर, पण काम बिघडलंय मनगटाचं. मनगट वर उचलणारे आणि पकड घट्ट धरणारे जे स्नायू आहेत ते सगळे एका जाड दोरीनं ह्या एवढ्याशा हाडाला बांधलेले असतात. कात्री चालवली, चादर पिळली, पकडीनं पातेलं उचललं, की ओढ तिथंच येते. रोज तीच ओढ, विश्रांती नाही, त्यामुळे ती दोरी आतून झिजते. खेळणाऱ्यांना होतं म्हणून तसं नाव पडलं, पण त्यांच्याकडे येणारे बहुतेक गवंडी, सुतार, रंगारी, आणि घरकाम करणाऱ्या बायकाच असतात. मी विचारलं, सूज का नाही मग? त्या म्हणाल्या, बाहेर दिसेल अशी सूज ह्यात बहुतेक वेळा येतच नाही.

म्हणजे दुखणंसुद्धा मला चोरटंच मिळालं होतं.

इंजेक्शन द्या आणि मोकळं करा, असं मी म्हटलं. मनात आक्काची पाळी होती. त्यांनी मान हलवली. इंजेक्शननं थोडे दिवस बरं वाटतं, मग माणूस पुन्हा तेच काम तसंच करतो आणि पुष्कळदा दुखणं परत येतं. तेव्हा घाई नको. कोपराच्या जरा खाली बांधायचा एक पट्टा दिला, काम करताना ओढ त्या पट्ट्यावर यावी म्हणून. वस्तू उचलताना तळहात खाली करून उचलायची नाही, तळहात आभाळाकडे ठेवायचा आणि कोपर अंगाशी. एका वेळी एकच कापड कापायचं, आणि कात्री हलकी घ्यायची. मालिश नको, बिब्बा तर नकोच नको. आणि एक व्यायाम. हात टेबलावर टेकवायचा, पंजा टेबलाच्या कडेबाहेर, तळहात खाली. मुठीत पाण्याची लहान बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्यायचं आणि मग दुखऱ्या हातानं अगदी सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखेल ते चालेल, फार दुखलं तर बाटलीतलं पाणी कमी करायचं.

"किती दिवसांत बरं होईल?" मी विचारलं.

"दिवसांत नाही, महिन्यांत," त्या म्हणाल्या. "पण होईल. हात गळ्यात बांधून बसू नका, आणि हात असून नसल्यासारखा राबवूही नका."

वैशाख काही महिन्यांवर नव्हता.

परत येताना मी ह्यांना बजावलं होतं, की हे कुठं बोलायचं नाही. पण पुरुषाच्या पोटात काय राहतं! सकाळी दूध घालायला जमलेल्या माणसांत ह्यांनी गंमत म्हणून सांगितली, माणसांनी घरी जाऊन सांगितली, आणि दुपारपर्यंत आळीला माहीत झालं की शिंपीणबाईला टेनिस झालाय. नळावर मी गेले की एकीनं विचारावं, "वयनी, ब्याट कुठं ठिवली?" दुसरीनं म्हणावं, "आता आमच्याशी कशाला बोलतीय, ती खेळाडू झाली." मीही हसायची. हसण्यावारी नेलं की निदान बोलणं तरी थांबतं. पण घरी येऊन पट्टा काढून फेकून द्यावासा वाटायचा. गवंड्याचं कोपर, शिंपिणीचं कोपर, असं काही नाव असतं तर कुणी हसलं नसतं. हौसेनं खेळणाऱ्यांचं नाव माझ्या कामाच्या दुखण्याला लागलं होतं आणि ते ऐकलं की माझ्याच कानाला ते खोटं वाटायचं.

आक्काचा दिवस आला. गहू भिजून, वाटून, चीक काढून झालेला. पहाटे तिच्या अंगणात चूल पेटली, मोठं पातेलं चढलं, मिठा-हिंगाच्या उकळत्या पाण्यात चीक ओतला आणि आक्कानं लाकडी दांडा हातात घेतला. चीक शिजायला लागला की पिठाचा डोंगर ढवळल्यासारखं होतं. हात थांबला की गाठ झाली. आक्का दोन्ही हातांनी, अख्खं अंग घालून ढवळत होती आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी घरी तयार होताना पट्टा बांधला होता. दारातून बाहेर पडताना सोडला आणि कापडाच्या ढिगाखाली ठेवून दिला. ब्याट कुठंय म्हणून परत विचारणं नको होतं मला.

आक्का मला म्हणाली, "तू सोऱ्याला बसू नको, तू चादरीवर लक्ष ठिव."

चादरीवर लक्ष म्हणजे कावळे आणि कोंबड्या हाकायच्या. ते काम आत्याबाईंचं, दात पडलेल्या बाईचं. माझं तोंड उतरलं. सगळ्या सोऱ्या घेऊन बसल्या होत्या, शिजलेला चीक भरत होत्या, दांडी फिरवत होत्या, चादरीवर पांढरी वेटोळी उठत होती. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि मला वाटत होतं सगळ्या बघतायत. तेवढ्यात दुसरं पातेलं शिजलं. ते चुलीवरून उतरवून चादरीपाशी न्यायचं होतं. एका बाजूनं भाभींनी फडकं घेऊन काठ धरला. दुसऱ्या बाजूला कोणी यायच्या आत मी फडक्यानं काठ धरला.

तळहात खालीच होता. दुसरं काय, पातेल्याचा काठ तसाच धरतात. दोन पावलं चाललो. तिसऱ्या पावलाला कळ आली, बोटं माझी राहिली नाहीत आणि फडकं निसटलं. पातेलं माझ्या बाजूनं जमिनीवर आदळलं आणि भाभींकडे कलंडलं. पांढरा, वाफाळता चीक अंगणभर पसरला. माती, राख, कोंबडीची पिसं, सगळ्यात मिसळला. भाभींनी पाय मागे घेतला, पण पुरता नाही. त्यांच्या पावलावर चिकाचा गोळा चिकटला. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, फक्त "या अल्ला" म्हणत खाली बसल्या.

त्यांचा पाय आधी पाण्यात घातला. बादलीवर बादली ओतली. पाऊल लाल झालं, पुढं त्याला फोड आला. माझ्या अंगावर एक थेंब उडाला नव्हता.

मी भाभींचा पाय धरून बसले होते. त्या म्हणत होत्या, "जाऊ दे वयनी, हुतं. हात सुटला तर सुटला." मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आक्का चुलीपाशी उभी होती. तिनं अंगणातल्या चिकाकडे बघितलं. भिजवणं, वाटणं, गाळणं, सगळी मेहनत मातीत होती. मग माझ्याकडे बघितलं.

"दुखत हुतं तर घरी बसायचं," ती म्हणाली. "कोन बोलवायला आलं हुतं का पातेलं धर म्हनून?"

एवढंच. आवाज चढवला नाही. बाकीच्या बायकांनी खाली माना घालून सोऱ्या फिरवायला घेतल्या. आत्याबाई काठी टेकत उठल्या आणि फावड्यानं चीक ओढायला लागल्या. मी फावडं घ्यायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुझं." मला वाटलं जमिनीनं गिळावं. काम न करण्याची लाज वाटत होती म्हणून मी काम करायला गेले, आणि आता जी लाज वाटत होती ती त्याहून किती तरी मोठी होती. मी परत भाभींच्या पायावर पाणी ओतायला लागले. अंगचोर म्हणवून घेतलं असतं तर हा पाय भाजला नसता.

पुढचे काही दिवस मी घराबाहेर पडले नाही. नळावरचं पाणी ह्यांनी आणलं. भाभींना मलम पाठवलं, स्वतः न्यायचं धैर्य झालं नाही. त्यांनीच पायाला फडकं गुंडाळून, लंगडत, माझ्या दारात येऊन डबी परत दिली आणि म्हणाल्या, "लावलं. बरं वाटतंय. तुम्हीपण हाताला काहीतरी लावा." मी त्यांना बसा म्हणाले, त्या बसल्या नाहीत, पाय खाली सोडून बसलं की ठणकतो म्हणाल्या.

आक्कानं पुन्हा गहू भिजवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती समोरून, तिच्याच ओट्यावरून मला म्हणाली, "उद्या चीक हाय. ये." मी गेले. पट्टा बांधून गेले, सगळ्यांना दिसेल असा. कुणी ब्याटबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी आत्याबाईंच्या शेजारी सावलीला बसून डाव्या हातात काठी घेऊन कोंबड्या हाकल्या. ऊन चढेपर्यंत हाकल्या. म्हातारीनं मला गरम चिकाची वाटी दिली, वर दूध-साखर. कामाला आलेल्या बाईला देतात तशीच. मी ती खाल्ली, पण घास गिळताना लाज वाटत होती. सावड फिटली असं कुणीतरी म्हणालं. माझ्या मनानं ती फिटली नव्हती.

घरी मी व्यायाम धरला. शिलाई मशिनीच्या टेबलावर हात ठेवायचा आणि बाटली खाली सोडायची. हलकी कात्री आणली, एकेक थर कापायला लागले. काम निम्म्यावर आलं, पण रात्री पांघरूण ओढता यायला लागलं. आक्काशी बोलणं जेवढ्यास तेवढं राहिलं. ती दिसली की मी आत जायची.

लग्न पंधरा-वीस दिवसांवर आलं आणि एका दुपारी आक्का स्वतःच ब्लाउजाचं कापड घेऊन आली. जांभळं, काठाचं, लग्नात नेसायच्या साडीवरचं. मी गडबडले. आधीच्या मापावर शिवते म्हणाले, तर म्हणाली, "नगं, नवीन माप घे. बाही लांब पायजे. कोपराच्या खाली चार बोटं."

"वैशाखात?" मी म्हणाले. "आक्का, घामानं जीव जाईल तुमचा. मुलीच्या लग्नात एवढी लांब बाही कोण घालतं?"

"घे म्हनते ना."

मी टेप घेतली. खांद्यावर एक टोक ठेवलं आणि बाहीचं माप घेताना मी सगळ्यांनाच करते तसं कोपर वाकवायला हात धरला. माझा अंगठा तिच्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर पडला. आक्कानं हात ओढून घेतला. तिचे ओठ आत गेले.

मी टेप खाली ठेवली. पुन्हा तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही. मी नेमकं त्या ठिकाणी, डॉक्टरीणबाईंनी माझं दाबलं होतं तसं दाबलं. मग म्हणाले, मूठ आवळा, मनगट वर उचला. मी दोन बोटांनी खाली दाबलं. आळीतली वाघीण, आणि तिचा हात माझ्या दोन बोटांनी खाली गेला.

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते मी लपवत नाही. मला आनंद झाला. मी एकटी नव्हते, मी खोटी नव्हते, आळीतल्या सगळ्यांत कामसू बाईचं तेच हाड दुखत होतं. तो आनंद क्षणभर टिकला असेल नसेल.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपास्नं."

दिवाळी. म्हणजे माझ्या हाताच्या कितीतरी आधी. म्हणजे माझ्या घरी सावडीला आली तेव्हा हाच हात होता. माझ्या अंगणात चुलीपाशी उभी राहून, चिकाचा दांडा दुसऱ्या कुणाला न देता, तिनं माझा सगळा चीक ह्याच हातानं ढवळला होता, आणि मी तिला चहा देत होते आणि म्हणत होते, आक्का, तुमच्या हाताला जादू आहे, गाठ म्हणून होत नाही. माझ्या माळ्यावरचे सगळे डबे त्या हातानं भरले होते. मला तिच्याकडे बघवेना.

"मला का नाही बोललात?" मी म्हणाले.

"तुला काय बोलू? तुजं कळलं तर टेनिस झाला तुला. आळी हसली." तिनं उंबऱ्याकडे बघितलं. "घरात लगीन हाय. पाव्हन्यांत गेलं की न्हवरीच्या आईचा हात चालत न्हाई, तर म्हनत्याल पोरगीबी तशीच. आन पोरीला कळू देऊ नको. ती सासरला जाताना माज्या हाताकडंच बघत ऱ्हाईल."

मी माझ्या हाताचा पट्टा सोडला. तो घामानं ओला होता, मी पदराला पुसला. तिला म्हणाले, हे कोपराच्या खाली दोन बोटं बांधायचं, फार आवळायचं नाही, आणि उचलताना तळहात वर. लग्न झालं की श्रीगोंद्याला जाऊ, मी येते बरोबर. ती म्हणाली, "दार लाव आधी."

मी दार लावलं. आतल्या उकाड्यात बसून तिच्या हाताला पट्टा बांधला. तिनं मूठ उघडमीट करून बघितली, दोनदा, तीनदा. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते दुसरीकडे वळवून बसली होती. मी बाहीचं माप घेतलं, कोपराच्या खाली चार बोटं, पट्टा झाकेल एवढं. मग तिनं पदर ओढून हातावर घेतला, दार उघडलं आणि ओट्यावर जाऊन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "हात सांभाळ गं बाई तुजा. लई काम करू नको."

शेजारच्या ओट्यावर दोघी-तिघी हसल्या. मी "हो आक्का" म्हणाले.